गाढवीचा बगळा

ती शिवी मी दिली होती. माथेरानच्या एको पॉइंटवर, भर दुपारी, घसा ताणून, आणि दुसऱ्याच्या आवाजात. आवाज ज्याचा होता, शिक्षा त्याला झाली. हे मी पुढे तीसेक वर्षं कुणालाही सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि तिच्यापाशी मी ऑफिसातून घरी आणलेल्या टाचण्यांचीही कबुली दिलेली आहे.

गोष्ट पंचावन्न-छप्पनच्या सुमाराची. पिंपरी आणि चिंचवडच्या मधल्या माळावर तेव्हा कारखान्यांची कुंपणं नुकती घातली जाऊ लागली होती. दोन कुंपणांच्या मधे अजून ज्वारी उभी असायची आणि भोंगा झाला की तिच्यातली पाखरं उडायची. इंजिनाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी टायपिस्ट होतो. वय तेवीस, शिक्षण मॅट्रिक, इंग्रजी स्पेलिंग बरं. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला बराच मोठा समजत असे.

तिथे मला दोन मित्र मिळाले. एक पिंपरीच्या जुन्या गावठाणातला, शेतकऱ्याचा मुलगा. गावच्या तालमीत तयार झालेला, म्हणून सगळे त्याला पैलवानच म्हणत. कारखान्याच्या कुंपणात त्याच्या वडिलांची जमीन गेली होती. आमचं कँटीन त्यांच्या गोठ्याच्या जागेवर उभं होतं. तो डबा घेऊन आला की म्हणायचा, "जरा सरकून बसा राव, हितं आमचा बैल बांदायचो आमी." जमिनीच्या बदल्यात घरातल्या एकाला कायमची नोकरी द्यायची, असं तोंडी ठरलं होतं. त्याला दीड वर्ष होऊन गेलं, तरी पैलवान टेंपररीच होता. त्याचे वडील रोज संध्याकाळी त्याला एकच विचारत, "झाला का रं कायम?" जणू जमीन अजून पूर्ण गेलेली नाही, हा कायम झाला की मग जाणार.

दुसरा मित्र चिपळूणकडचा फिटर. हात सोन्याचा आणि तोंड ठेच्याचं.

आमच्या खात्याचे साहेब विलायतेत शिकून आलेले मराठी गृहस्थ. खात्यात जमिनीवर तेल सांडलेलं असायचं, आणि साहेब रोज पांढरीशुभ्र पँट घालून यायचे. त्यामुळे एकेक पाय उचलत, खाली बघत, मान पुढे काढून चालायचे. त्यांना सगळा कारखाना 'बगळा' म्हणत असे. हे नाव ठेवणाराही मीच. कबुलीजबाबाला बसलोच आहे तर सगळंच सांगून टाकतो.

साहेबांच्या केबिनमध्ये एक रंगीत चित्र फ्रेम करून लावलेलं होतं. इंग्लंडमधलं कुठलंसं डोंगरउतारावरचं गाव. पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलेली दगडी घरं, प्रत्येकावर धुराडं, दारात गुलाब, आणि गल्लीतून टोपली घेऊन चढणारी एक बाई. येणाऱ्या प्रत्येकाला साहेब ते दाखवत आणि सुस्कारा टाकून म्हणत, "आपल्याकडे असं एकच, माथेरान. माथेरानला गेलं की मला घरी गेल्यासारखं वाटतं." साहेबांचं घर मूळचं जुन्नर तालुक्यातलं होतं.

एका शनिवारी माझ्या टाइपरायटरवर पैलवानाला कायम केल्याचं पत्र आलं. मी ते टाइप करून साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवलं. सोमवारी सही व्हायची होती. अशी बातमी फोडायची नसते, पण मी जेवणाच्या सुट्टीत फोडली. पैलवान भाकरीचा घास हातात धरून, आपला गोठा जिथे होता तिथल्या फरशीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "उद्या सुट्टी हाय. साहेबाचं इंग्लंड बगून येऊ. कायम झाल्यावर येळ कुटं गावायचा?"

आता माझ्या एका कलेबद्दल सांगितलं पाहिजे. मला नकला येत. साहेबांची येई, टाइमकीपरची येई, पण कँटीनमध्ये सर्वांत जास्त मागणी पैलवानाच्या नकलेला होती. त्याचं 'व्हय', त्याचं 'न्हाई', वाक्याच्या शेवटी ओढलेला 'रंऽ', आणि कुस्तीच्या मैदानात पुकारा करावा तसा छातीतून येणारा आवाज, हे सगळं मी इतकं हुबेहूब करायचो की माणसं वळून बघायची. पैलवान स्वतः सगळ्यात मोठ्यानं हसायचा. त्या हसण्यामुळे मला वाटायचं की यात काही वावगं नाही.

रविवारी पहाटे चिंचवड स्टेशनवर आम्ही भेटलो. इंग्लंडला जायचं म्हणून मी घरमालकांची सोला हॅट मागून आणली होती. पैलवानानं ती चारी बाजूंनी पाहिली.

"डोक्यावर पातेलं कशापायी घेतलंस?"

"उन्हासाठी."

"ऊन? अजून कोंबडं आरवलं न्हाई."

"असू दे," फिटर म्हणाला, "वाटेत भात शिजवू."

सकाळच्या पॅसेंजरने घाट उतरून आम्ही नेरळला पोचलो. तिथून वर जाणारी छोटी गाडी भरून गेली होती, म्हणून आम्ही पायवाटेने निघालो. ती गाडी डोंगराला वळसे घालत घालत चढते आणि पायवाट ते वळसे तोडत सरळ वर जाते. त्यामुळे आम्हाला तीच गाडी पुन्हा पुन्हा भेटत राहिली. प्रत्येक वेळी पैलवान धावत पुढे जाऊन रुळाशेजारी उभा राहायचा आणि आतल्या लोकांना विचारायचा, "लई येळ लावला राव, वाटंत कुटं थांबला हुता?" तिसऱ्या वेळी आतल्या एका बाईने त्याला संत्रं दिलं.

वर पोचलो. लाल माती, गर्द सावली, हवा खरंच गार. मी जाणकाराच्या थाटात माहिती देऊ लागलो. "हे ठिकाण एका इंग्रज कलेक्टरनं शोधून काढलं."

"शोदलं?" पैलवान थांबला. "हरवलं हुतं व्हय?"

"म्हणजे आधी कुणाला माहीत नव्हतं."

नेमका तेव्हाच समोरून एक ठाकर म्हातारा लाकडांची मोळी घेऊन येत होता. पैलवानानं त्याला अडवलं. "काय बाबा, तुमी हितं कवापास्नं?"

"आजा-पणज्यापासून."

"बगा," पैलवान मला म्हणाला, "ह्येंनी सायबाला सांगितलं न्हाई, म्हून त्याला शोदाय लागलं."

साहेबांच्या चित्रातल्यासारखी दगडी घरं मात्र खरोखरच होती. धुराडी होती, फाटकांवर इंग्रजी नावं होती, वाळलेले का होईना, पण गुलाबही होते. एका बंगल्याच्या कौलांवर वानरांचं अख्खं खटलं उवा काढत बसलं होतं.

"इंग्लंडात वानरं असत्यात?" पैलवानानं विचारलं.

"इथे होती की," फिटर म्हणाला. "सत्तेचाळीस साली बरीचशी परत गेली."

दुपारी एका बाकावर बसून भाकरी सोडली. बाकाच्या पाठीवर पितळी पट्टी होती. पैलवानानं ती वाचून दाखवायला सांगितली. मी सांगितलं, कुणा मडमेला इथून दरी बघायला फार आवडायचं, ती वारली, तिच्या आठवणीसाठी हा बाक. पैलवान जरा विचारात पडला. मग उठला, आम्हा दोघांना एका बाजूला ढकललं आणि बाकाच्या टोकाशी हातभर जागा मोकळी सोडली.

"हे काय?"

"बाईला जागा नगं का? तिचाच बाक हाय न्हवं."

आणि आम्ही तिघं माथेरान उतरेपर्यंत त्या जागेला 'बाईंची जागा' म्हणत राहिलो. खाली पडलेला कांदासुद्धा पैलवानानं बाईंची माफी मागून उचलला.

मग एको पॉइंट. समोर सरळ तुटलेला कडा, मधे दरी. फिटरनं आधी ओरडून पाहिलं, "जेवलास काऽऽ?" डोंगरानं विचारलं, "लास काऽऽ?" फिटर म्हणाला, "बाईंबरोबर जेवलो."

पैलवानानं दोन्ही हात तोंडाशी नेले. वडिलांना तो आबा म्हणे. पिंपरीच्या दिशेला तोंड करून, म्हणजे त्याला वाटली त्या दिशेला, तो ओरडला, "आबाऽऽ! कायम झालोऽऽ!"

"झालोऽऽ," डोंगर म्हणाला.

आम्ही दोघं गप्प झालो. तिथेच थांबलो असतो, तर हे लिहायची वेळ आली नसती. पण फिटरला ती शांतता सोसवेना. तो मला म्हणाला, "हां, आता तुझी पाळी, नकलाकार. पैलवान कायम झाल्यावर साहेबाला काय म्हणेल, ते होऊ दे."

मी हॅट मागे सारली, छाती भरून घेतली आणि पैलवानाचा आवाज काढला.

"ए गाढवीच्या बगळ्याऽऽ! त्याल सांडलंयऽऽ! पाय उचलून चाल रंऽऽ!"

आवाज असा लागला की मी स्वतःच चकित झालो. डोंगरानंही तो मन लावून परत केला. फिटर टाळ्या पिटत होता. पैलवान हसून हसून खाली बसला, डोळे पुसले, आणि मग शेतकऱ्याच्या मुलाला पडावी ती शंका त्याला पडली.

"पर गाढवीला बगळा कसा हुईल रं?"

इतक्यात आमच्या पायाखालून, कड्याच्या जरा खालच्या पायरीवरून, स्पष्ट आवाज आला.

"हू इज दॅट?"

"बघा," फिटर हळूच म्हणाला, "इंग्रजांचा डोंगर. इंग्रजीत उत्तर देतो."

मग झाडीतून एक पांढरी पँट वर येऊ लागली. एकेक पाय उचलत.

ते दोघं पळाले. मी पळालो नाही. त्यात धैर्य नव्हतं. मी फक्त पाठ फिरवली, हॅट नीट केली आणि दरीकडे बघत उभा राहिलो, जसा काही ती दरी विकत घ्यायला आलो आहे. मागे साहेब आणि त्यांच्या पत्नीचं बोलणं ऐकू येत होतं. ती म्हणत होती, "जाऊ द्या ना, कोण खेडवळ असेल." मी हळूहळू, रमतगमत, दुसऱ्याच वाटेने निघून गेलो.

परतीच्या गाडीत पैलवानानं विचारलं, "वळखलं आसंल का त्यानं?"

"तोंड नाही पाहिलं," फिटर म्हणाला. "पण तुझी पाठ पाहिली. ती तर बोगद्यात मावत नाही."

पैलवान हसला, पण अर्धाच. तेव्हा मी त्याच्या मांडीवर हात ठेवून म्हणालो, "काही झालं तर मी सांगेन साहेबांना. मी आहे ना." हे वाक्य मला कुणी मागितलं नव्हतं. मी आपण होऊन दिलं होतं.

सोमवारी साहेबांनी पैलवानाला बोलावलं. माझं टेबल त्यांच्या केबिनमध्येच, कोपऱ्यात होतं.

"काल माथेरानला होतास?"

"व्हय."

"एको पॉइंटला?"

"व्हय."

"तिथे जे ओरडलास, ते इथे म्हणून दाखव."

पैलवानानं माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला त्याच्या मानेवरून कळत होतं. मी रिबन बदलायला घेतली. रिबन नवीच होती.

"मी न्हाई वरडलो, साहेब."

"मला कान आहेत. या अख्ख्या खात्यात ती भाषा कोण बोलतं? तू नाहीस, तर कोण होतं?"

"आमी मंडळी हुतो. आवाज कुनाचा, ते डोंगराला इचारा."

तो उद्धटपणा नव्हता. खोटं बोलायचं नाही आणि नावही सांगायचं नाही, यातून त्याला तेवढीच वाट दिसली असावी. पण साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी ट्रेमधलं शनिवारचं पत्र उचललं, चार तुकडे केले आणि पैलवान बाहेर गेल्यावर मला म्हणाले, "घ्या. आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही, दोन प्रती." मी टाइप करत असताना ते हळहळून पुढे म्हणाले, "लाज वाटली मला. तिथे हॅट घातलेला एक सद्गृहस्थ उभा होता. काय वाटलं असेल बिचाऱ्याला!"

त्या पत्रात एकही चूक झाली नाही. माझ्या सबंध नोकरीत इतकं स्वच्छ पत्र मी दुसरं टाइप केलेलं नाही.

पैलवानाचे वडील त्यानंतर तीन दिवस फाटकापाशी येऊन उभे राहिले. साहेबांची गाडी आली की डोक्याचं पागोटं काढून हातात घ्यायचे, गाडी गेली की परत घालायचे. त्यांना वाटत होतं, मुलानं जमिनीचं मोल जिभेवर उधळलं. चौथ्या दिवशी ते आले नाहीत. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

फिटर मला एवढंच म्हणाला, "मी आजच सांगणार होतो साहेबाला. पैलवान म्हणतो, त्याची बी नोकरी जाईल, दोगांची कशाला घालवायची. तेव्हा तुझं तू बघ." माझं मी बघितलं नाही. फिटरनं माझ्या पंगतीला बसणं सोडलं, आणि वर्षभरात तो मुंबईला निघून गेला.

मी मात्र टिकलो. हेडक्लार्क झालो. नकला करणं सोडलं. लोक म्हणाले, पोक्त झाला. साहेब निवृत्त झाले तेव्हा केबिनमधलं ते चित्र त्यांनी मला भेट दिलं. "तुम्हाला याची कदर आहे," असं म्हणाले. बायकोनं ते माझ्या खाटेसमोर लावलं. वीसेक वर्षं रोज सकाळी डोळे उघडले की ती टोपलीवाली बाई चढण चढताना दिसायची, आणि रोज मला वाटायचं, आज जाऊन आबांना सांगून टाकू.

पैलवानाचं तसं वाईट झालं नाही. आधी तो दुसऱ्याच्या लेथवर राबला, मग भोसरीला औद्योगिक वसाहत झाल्यावर तिथे स्वतःची शेड टाकली. आमचाच कारखाना त्याच्याकडून इंजिनात बसवायची बुशिंगं करून घ्यायचा. हे ऐकून मला फार आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याबरोबर एक चोरटा विचारही आला की बरंच झालं की, आता माफी मागायचं कारण उरलं नाही. मग कळलं, त्याचे आबा बरीच वर्षं अंथरुणाला होते आणि शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगत, "पोरगं गुनाचं हाय, पर तोंड फटकाळ." त्यांचं ते मत दुरुस्त करायला माझ्याजवळ एक वाक्य होतं. ते मी खिशात ठेवलं आणि आबा गेले.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी भोसरीला गेलो. रिकाम्या हातानं जाववेना, म्हणून भिंतीवरचं चित्र काढून वर्तमानपत्रात गुंडाळून घेतलं. शेडमध्ये चार लेथ चालू होते. पैलवान केस पिकून, पोट सुटून, पण तीच पाठ घेऊन उभा होता. मला बघून त्यानं चिंधीला हात पुसले.

"या हेडक्लार्क! आज कुनीकडं उगवला?"

चहा आला. मी कागद सोडून चित्र त्याच्यापुढे धरलं. त्यानं ते लांब धरून, चष्मा वर-खाली करून पाहिलं.

"ह्ये कुटलं?"

"साहेबाचं इंग्लंड."

"वानरं न्हाईत," तो म्हणाला आणि चित्र बाजूला ठेवलं.

मी उभा राहिलो. रात्रंदिवस घोकलेली वाक्यं एका दमात म्हणू लागलो. "त्या दिवशी माझ्या हातून जो अपराध घडला, आणि त्यामुळे आपल्याला व आपल्या वडिलांना जे सोसावं लागलं, त्याबद्दल मी आपली अंतःकरणपूर्वक…"

"आं? मोट्यानं बोल. लेथ चालू हायती."

मी पुन्हा 'अंतःकरणपूर्वक'पर्यंत आलो. त्यानं हात वर केला. हसत होता की नव्हता, मला सांगता येणार नाही.

"आपली म्हंजी कुनाची? तू शिवी दिलीस आमच्या बोलीत, आन् माफी छापील व्हय? आबाला हे काय कळलं आसतं? त्याला कळंल आसं बोल की."

कामगार मान वळवून बघू लागले होते. मी छाती भरून घेतली. तीस वर्षांत त्या आवाजाला मी हात लावला नव्हता, तो लागेल की नाही याची खात्री नव्हती. लागला, पण मधेच फाटला, आणि नक्कल काही होईना. तो माझाच आवाज होता, फक्त शब्द त्याचे.

"आबाऽऽ! तुमचं पोरगं न्हाई वरडलं! म्या वरडलो हुतो! शिवी बी चुकली, गाढवीला बगळा हुत न्हाई! माजं चुकलं, आबा! माफ करा रंऽऽ!"